लोकरी मावा खाणारा पतंग : ओळख व जीवनक्रम



पावसाळा सरत आला, आडसालीचा ऊस अंगाने भरू लागला, की गटऑफिसात एक ठराविक प्रसंग घडतो. एखादे सभासद उसाचं पान गुंडाळून आणतात, टेबलावर उलटं पसरतात आणि विचारतात, "साहेब, हे पांढरं बघा काय आलंय. कुठलं औषध मारू?" पानाच्या खालच्या अंगाला, मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंनी, पिंजलेला कापूस चिकटवावा तसा थर असतो. हा लोकरी मावा, हे आता आपल्याकडं शाळेतलं पोरगंही सांगेल. पण त्याच पानावर पुष्कळ वेळा आणखी एक गोष्ट असते. त्या कापसात बारीक जाळं करून एक अळी बसलेली असते. ती दिसली की सभासदांचा चेहरा आणखीच उतरतो. "मावा होता तो होता, आता अळी बी लागली म्हणायची!"

त्या अळीबद्दल हा लेख आहे. ती उसाचं पान कुरतडत नाही, पोंग्यात शिरत नाही, कांडीला भोक पाडत नाही. ती फक्त मावा खाते. पुढे तिचा कोष होतो आणि कोषातून पतंग बाहेर पडतो. पतंग म्हणजे पोरं माळावर उडवतात तो नव्हे, रात्री मोटारीच्या खोलीवरच्या दिव्याला झडप घालतो तो. याचं शास्त्रीय नाव डिफा एफिडीव्होरा. आपल्या भागात नुसतं 'डिफा' एवढंच रूढ झालं आहे आणि तेच पुरे आहे. एफिडीव्होरा याचा अर्थच मुळी 'मावा खाणारा' असा आहे.

ही अळी कोणती आणि उसाचा घात करणारी अळी कोणती, हे न ओळखता आल्यामुळे आपल्यापैकी अनेकांनी आजवर औषधाचे पैसे खर्चून आपल्याच राखणदाराला मारलेलं आहे. त्यात प्रस्तुत लेखकही आला. ते पुढे सांगतोच.

पतंग म्हटलं की राग का येतो

पतंगाबद्दल आपलं मत वाईट आहे आणि त्याला कारणही तसंच आहे. उसाचे तीन जुने वैरी, खोडकिडा, कांडीकिडा आणि शेंडेकिडा, हे तिन्ही मूळचे पतंगच. पतंग स्वतः उसाला तोंड लावत नाही. जे काही नुकसान व्हायचं ते अळीच्या अवस्थेत होतं. अंडं, अळी, कोष, पतंग असा हा चार टप्प्यांचा फेरा. ज्यांनी तुतीची लागवड करून रेशमाचे किडे पाळले आहेत त्यांना हा फेरा पाठ आहे, कारण रेशमाचा किडा हाही पतंगाचीच अळी.

डिफा समजून घ्यायचा तर आधी खोडकिड्याचं चरित्र डोळ्यांसमोर आणावं, म्हणजे तुलना करता येते.

खोडकिड्याचा पतंग गवताच्या वाळल्या काडीच्या रंगाचा असतो. पुढच्या पंखांच्या कडेला बारीक काळसर ठिपके, मागचे पंख पांढुरके. दिवसा तो पाल्यात दडून बसतो आणि अंधार पडला की बाहेर पडतो. मादी कोवळ्या उसाच्या पानाच्या खालच्या बाजूला अंडी घालते. ती एकेकटी नसतात. माशाच्या खवल्यांसारखी चपटी, एकावर एक थोडी चढलेली, तीन-चार ओळींचा पुंजका करून घातलेली असतात. चार-सहा दिवसांत अंडी फुटतात. बारकी अळी पानाच्या आवरणात थोडे दिवस खरवडून खाते, काही अळ्या तोंडातल्या तंतूला लोंबकळत वाऱ्याबरोबर शेजारच्या कोंबावर जातात, आणि मग जमिनीलगत कोंबाला भोक पाडून आत शिरतात. आत वाढीचा कोंबच कुरतडला जातो. वरचा पोंगा वाळतो. तो धरून ओढला की अलगद हातात येतो आणि त्याला घाण वास मारतो. यालाच आपण पोंगामर म्हणतो. आतली अळी मळकट पांढरी, डोकं गडद तपकिरी, आणि पाठीवर लांबीच्या दिशेने पाच जांभळट रेघा. या पाच रेघा लक्षात ठेवाव्यात. तीन-चार आठवडे आतच खाऊन-पिऊन ती कोंबातच कोष करते, आणि कोष करण्याआधी पतंगाला बाहेर पडायला वाट पाडून ठेवते. आठवडाभरात पतंग उडतो. सगळा मिळून सव्वा-दीड महिन्याचा फेरा.

सुरू उसात, उन्हाच्या तडाख्यात, कोंब लहान असताना खोडकिड्याचा जोर जास्त. वेळेवर बाळबांधणी, पाण्याची पाळी न चुकवणं, सरीत पाचट पसरणं, ट्रायकोकार्ड लावणं आणि कामगंध सापळे हे त्यावरचे उपाय आपल्या सभासदांना ठाऊक आहेत, म्हणून इथे लांबण लावत नाही.

यातून घ्यायचा मुद्दा एवढाच, की खोडकिड्याची अळी जवळजवळ सारा जन्म उसाच्या आत काढते. ती बघायची तर कोंब चिरावा लागतो. पानाच्या पाठीवर, पांढऱ्या लोकरीत, जाळं विणून उघड्यावर बसलेली अळी ही खोडकिड्याची असूच शकत नाही. डिफा त्याच्या भावकीतला आहे हे खरं. शास्त्रज्ञ या दोघांची घराणी एकमेकांच्या अगदी शेजारी मांडतात. पण भावकीत सगळे एका वळणाचे निघत नाहीत, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

सन २००२

लोकरी मावा ही जगाला नवी कीड नव्हती. जावा बेटावरच्या उसावरून तिचं शास्त्रीय वर्णन १८९७ सालीच झालं होतं. आपल्या देशातही पश्चिम बंगाल आणि ईशान्येकडच्या राज्यांत ती पूर्वीपासून होती. पण महाराष्ट्रात तिचा मोठा उद्रेक झाला तो जुलै २००२ मध्ये, आणि त्याची पहिली नोंद झाली ती आपल्याच सांगली जिल्ह्यात. त्याच हंगामात ती कोल्हापूर, सातारा, पुणे, सोलापूर अशी पसरत गेली आणि सीमा ओलांडून कर्नाटकातही पोचली. ज्यांनी ते साल पाहिलं त्यांना ते विसरता येणार नाही. वरून बघावं तर फड हिरवागार. पान उलटं केलं की पांढरं फटफटीत. फडात शिरून बाहेर आलं की डोक्याला, सदऱ्याला लोकर चिकटलेली. माव्याच्या अंगातून पाझरणारा चिकट गोड द्रव खालच्या पानांवर ठिबकायचा आणि त्यावर काळी बुरशी धरायची. म्हणजे वरच्या पानाची पाठ पांढरी आणि खालच्या पानाचं तोंड काळं. काळ्या पडलेल्या पानाला ऊन मिळत नाही, मग ते अन्न तरी कुठून तयार करणार? वजन घटलं, उतारा घटला.

वाढे बैलांना, म्हशींना घालायचीही चोरी झाली.

मावा इतक्या वेगानं का वाढतो, हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. माव्याच्या वसाहतीत नर-मादीचा संबंध न येताच माद्या पिलं देतात. अंडी घालण्यात वेळ घालवत नाहीत, थेट जिवंत पिलं. ती पिलं मोठी झाली की त्यांनाही तशीच पिलं. गर्दी झाली की काहींना पंख फुटतात आणि ती दुसऱ्या फडात जातात. ढगाळ, दमट हवा, दाट ऊस आणि युरियाच्या मात्रेनं लुसलुशीत झालेलं पान मिळालं की त्यांची चंगळ. अंगावरची लोकर म्हणजे मेणाचे तंतू. त्यावर औषधाचं पाणी नीट बसत नाही.

आता माझी स्वतःची चूक. त्या वेळी घरची दीड एकर आडसाली लावण होती, बारा-तेरा महिन्यांची. उंची डोक्याच्या वर, काही ठिकाणी पडलेला. लोकांचं बघून मीही भुकटी आणली, मिथाइल पॅराथिऑनची. (या विषारी औषधावर २०१८ पासून आपल्या देशात बंदी आहे, ती व्हायलाच हवी होती.) गड्याला तोंडाला फडकं बांधून आत घातला. तो अर्ध्या सरीतून डोळे चोळत बाहेर आला. भुकटी बसली ती पानाच्या वरच्या बाजूला आणि मावा पानाच्या पाठीला. तरी पंधरा दिवस बरं वाटलं. महिन्याच्या आत पुन्हा पहिल्यासारखं पांढरं. पुन्हा मारलं. दुसऱ्या वेळी पानं बघताना जाळ्यातल्या अळ्या मेलेल्या दिसल्या आणि मला समाधान वाटलं, की चला, मावा नाही तर नाही, अळी तरी मेली!

आमच्या बांधाला चुलत्यांचं रान. त्यांच्याकडं त्या साली औषधाला पैसा नव्हता. त्यांनी काहीच मारलं नाही. त्यांच्या उसाला आधी माझ्यापेक्षा जास्त मावा होता. थंडी पडायच्या सुमारास त्यांची पानं बघितली तर लोकर विटलेली, मळकी, विस्कटलेली, आणि तिच्यात जागोजाग पांढरे कोष. वरची नवी पानं स्वच्छ. माझ्या फडाला मात्र तोड येईपर्यंत मावा होता. एका बांधाच्या दोन बाजूंवरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मला कळतं. हवामान, पाणी, खत, पुष्कळ गोष्टी असतात. पण पुढे कृषी विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांचं ऐकलं तेव्हा त्या बांधावर काय घडलं असावं ते उलगडलं.

औषध मारल्यावर मावा परत का येतो

फवारणीतून मावा आणि डिफा दोघेही मरतात. पण मावा शंभर टक्के मरत नाही. पडलेल्या उसाखाली, पानाच्या बेचक्यात, फवारा न पोचलेल्या सरीत काही उरतोच. आणि उरलेल्या एका मादीला पुन्हा संसार मांडायला नर लागत नाही. डिफाचं तसं नाही. त्याला नर-मादी दोन्ही लागतात, मग अंडी, मग अळी, मग कोष, अशी पायरी पायरीनं जावं लागतं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मावा पुढं निघून जातो आणि डिफाचा ठिकाणा नसतो. म्हणजे आपण शर्यतीत ज्याच्यावर पैसे लावायचे त्याचेच पाय बांधले.

दुसरी गोष्ट. न फवारलेल्या फडातही सुरुवातीला मावाच पुढं असतो, डिफा मागून येतो. खायला भरपूर मावा झाल्याशिवाय डिफाची संख्या वाढत नाही. हा मधला काळ काढणं अवघड. नेमक्या याच वेळी आपला धीर सुटतो, शेजारी दोन गोष्टी ऐकवतो, दुकानदार बाटली काढतो. पान उलटून डिफा आहे की नाही हे ज्याला बघता येतं त्यालाच थांबायचं की नाही ते ठरवता येतं. म्हणून आता त्याची नीट ओळख करून घेऊ.

डिफाचा जीवनक्रम

पतंगापासून सुरुवात करू. डिफाचा पतंग लहान, करड्या-मातकट रंगाचा, डोळ्यात भरावा असं त्याच्यात काही नाही. बसताना पंख अंगाला लपेटून घेतो, त्यामुळे पाचटाची बारीक ढलपी चिकटल्यासारखा दिसतो. दिवसा पानाआड गप्प असतो. पतंग म्हणून त्याचं आयुष्य थोड्या दिवसांचं, आणि त्यात त्याचं काम एकच, जोडी जमवून अंडी घालणं. उसाला त्याच्यापासून कसलाही उपद्रव नाही.

मादी अंडी कुठं घालते ते बघण्यासारखं आहे. खोडकिड्याची मादी स्वच्छ पानावर पुंजका करून अंडी घालते. डिफाची मादी माव्याच्या वसाहतीत किंवा तिला लागून, सुटी सुटी अंडी घालते. जन्मलेल्या पिलाला पहिला घास शोधत हिंडावं लागू नये, असा हा बंदोबस्त. अंडं इतकं बारीक आणि फिकट, की लोकरीत नुसत्या डोळ्यांनी सापडणं मुश्कील. सापडलं नाही म्हणून नाराज होऊ नये. चार-पाच दिवसांत त्यातून अळी निघते.

अळी निघाली की पहिल्यांदा घर बांधते. तोंडातून रेशमासारखा तंतू काढून माव्याच्या वसाहतीवर पातळ जाळं विणते. त्यात माव्याचीच लोकर, खाऊन टाकलेल्या माव्याची टरफलं, विष्ठेचे कण असं सगळं गुंतवते. या छपराखाली राहून ती शेजारचा मावा ओढून खाते. एवढा संपला की जाळं पुढं वाढवते. म्हणजे बोगदा खणत जाणाऱ्यासारखं तिचं काम चालतं. वरून बघणाऱ्याला नुसता मळका पट्टा दिसतो. जाळं काडीनं अलगद बाजूला केलं की आत मातकट, कधी हिरवट झाक असलेली, चपळ अळी दिसते. पुरी वाढलेली अळी अर्ध्या इंचाच्या आसपास भरते. डोकं स्पष्ट असतं, पुढं तीन जोड्या खरे पाय आणि मागं पोटाखाली मांसल पाय. डिवचलं की वळवळत मागं सरते.

अळीच्या अवस्थेत ती सुमारे दोन आठवडे असते, थंडीत थोडी जास्त. तेवढ्यात कात टाकत टाकत ती मोठी होते आणि शेवटच्या दिवसांत तिची भूक भलतीच वाढते. एक अळी आपल्या आयुष्यात शेकडो मावे खाते. लहान, मोठा, पंखवाला, बिनपंखाचा असा भेद ती करत नाही.

खाणं पुरं झालं की ती तिथंच, पानाच्या पाठीवर, बहुधा मधल्या शिरेजवळ, रेशमी तंतूंचा पांढरा कोष करते आणि आत निपचित होते. साधारण आठवडाभरानं पतंग बाहेर येतो. अंड्यापासून पतंगापर्यंत सगळा फेरा महिन्याच्या आत-बाहेर. खोडकिड्याला लागतो त्यापेक्षा कमीच.

पतंगाच्या जातीत मांसाहारी अळी ही फार दुर्मिळ गोष्ट आहे. जगात पतंग-फुलपाखरांच्या दीड लाखांहून जास्त जाती मोजल्या गेल्या आहेत. त्यातल्या बहुतेक सगळ्यांच्या अळ्या पाला, देठ, फळ, दाणा यांवर जगतात. दुसऱ्या किडीवर उपजीविका करणाऱ्या हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या नसल्या, तरी शेकड्यात एकही भरणार नाही. डिफाला हे नाव देणारे मेरिक म्हणून इंग्लंडमधले एक शाळामास्तर होते. शाळा सांभाळून या गृहस्थांनी हजारो बारक्या पतंगांची वर्णनं लिहून ठेवली. त्यांनी नाव दिलेला एक किरकोळ पतंग पुढे कृष्णाकाठच्या उसाच्या उपयोगी पडेल, हे त्यांच्या स्वप्नातही नसणार.

पतंगानं शेतकऱ्याला वाचवल्याचं याहून मोठं उदाहरण ऑस्ट्रेलियात आहे. तिथं बाहेरून आणलेल्या फड्या निवडुंगानं लाखो एकर जमीन गिळली होती, लोक वस्त्या सोडून जात होते. १९२५ साली अर्जेंटिनातून कॅक्टोब्लास्टिस नावाच्या पतंगाची अंडी आणून त्याची पैदास केली. त्याच्या अळ्यांनी दहा वर्षांच्या आत निवडुंगाची रानंच्या रानं पोखरून आडवी केली. क्वीन्सलंडमधल्या बूनार्गा गावच्या लोकांनी १९३६ साली गावचं सभागृह बांधलं, त्याला या पतंगाचं नाव दिलं. पुढाऱ्यांची नावं दिलेली सभागृहं पुष्कळ आहेत. पतंगाचं नाव दिलेलं ते बहुधा एकच असावं.

फडात ओळखायचं कसं

बांधावरून ओळख पटत नाही. फडात चार-पाच ठिकाणी आत शिरावं आणि मधली पानं उलटून बघावीत. नुसता मावा असेल तर लोकर शुभ्र, फुगीर, हाताला लागली की उडणारी, आणि खालच्या पानांवर चिकटा ताजा, चकचकीत. डिफा लागला असेल तर लोकर बसलेली, मळकट, एकमेकांत गुंतलेली दिसते. बोटानं पुसली तर जाळ्यासकट निघते. आत अळी किंवा लगत कोष सापडतो. चिकट्याचं ठिबकणं कमी होतं. सर्वांत चांगली खूण म्हणजे वरची दोन-तीन नवी पानं. ती स्वच्छ राहिली असतील तर माव्याची वाढ थांबली असं समजावं, मग खालची पानं कितीही घाण दिसोत.

डिफाच्या जोडीनं आणखी दोन-तीन पाहुणे लोकरीत दिसतात आणि तेही आपलेच. एक मायक्रोमस. त्याची अळी जाळं करत नाही, उघड्यावर तुरूतुरू पळते, दोन्ही टोकांना निमुळती असते आणि तोंडाला चिमट्यासारखे दोन बाक असतात. दुसरी सिरफिड माशीची अळी. तिला पाय नाहीत, जळूसारखी सरकते. एन्कार्शिया नावाची एक अगदी बारीक गांधीलमाशी ईशान्य भारतातून मुद्दाम आणून सोडण्यात आली. ती माव्याच्या अंगातच अंडं घालते. ती नुसत्या डोळ्यांनी दिसेल अशी अपेक्षा करू नये. या सगळ्यांत आमचा मान डिफाला. कारण तो बाहेरून विकत आणावा लागला नाही. मावा आला, त्याच्यामागं तो आपल्या पायांनी, म्हणजे पंखांनी, फडात आला.

करावं काय, टाळावं काय

डिफा आपोआप येतो हे खरं, पण सगळीकडं वेळेवर आणि पुरेसा येतोच असं नाही. म्हणून २००२ नंतर राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ, मांजरीची वसंतदादा साखर संस्था आणि बंगळूरची जैविक नियंत्रण संस्था यांनी त्याच्या पैदाशीची पद्धत बसवली. पद्धत साधी आहे. उभ्या उसावर मांडव घालून त्याला शेडनेट लावायचं, आत मावा वाढू द्यायचा आणि त्यावर डिफा सोडायचा. डिफाला खायला मावाच लागतो, त्यामुळे आधी माव्याची पैदास आणि मग डिफाची, असा दुहेरी उद्योग करावा लागतो. तयार झालेल्या अळ्या व कोष पानाच्या तुकड्यांसकट कापून न्यायचे आणि मावा असलेल्या फडात ठिकठिकाणी पानांना टाचायचे किंवा बेचक्यात अडकवायचे. शिफारस हेक्टरी एक हजार अळ्या किंवा कोष, म्हणजे एकरी चारशे. मावा नुकता दिसू लागला असताना सोडले तर उपयोग. फड पूर्ण पांढरा झाल्यावर चारशे अळ्या काय पुरणार?

विकत आणायची गरजही दर वेळी पडत नाही. शेजाऱ्याच्या फडात डिफा भरपूर असेल तर त्याला विचारून कोष असलेली पानं आणावीत. मात्र ज्या फडात मावा अजिबात नाही तिथं ही पानं नेऊ नयेत, कारण कोषाबरोबर जिवंत मावाही जातो. त्याच कारणानं मावा असलेल्या फडातलं वाढं दुसऱ्या गावाला नेऊ नये, आणि अशा फडातलं बेणं घ्यायची वेळ आलीच तर पाला पूर्ण काढून, बेणेप्रक्रिया करूनच लावावं. निमलेल्या उसाचं वाढं ट्रॉलीवर उघडं टाकून चार गावं फिरवणं, हा २००२ साली मावा पसरायला मोठा हातभार होता असं माझं मत आहे.

नत्राचा हात आखडावा. माती परीक्षणाप्रमाणे द्यावं, वरून 'ऊस काळाभोर दिसावा' म्हणून पोतं-दोन पोती जास्तीचा युरिया टाकू नये. काळाभोर ऊस आपल्यापेक्षा माव्याला जास्त आवडतो. रुंद सरी किंवा पट्टा पद्धतीत हवा खेळती राहते आणि मुख्य म्हणजे माणसाला आत शिरून पान उलटून बघता येतं.

औषध कधीच मारू नये असं आम्ही म्हणत नाही. लहान लावण आहे, मावा झपाट्यानं वर चढतोय, आणि चार-पाच ठिकाणी पानं उलटूनही डिफा, मायक्रोमस काहीच सापडत नाही, अशा वेळी शेती विभागाच्या सल्ल्यानं फवारणी करावी लागेल. तीही सबंध फडावर नव्हे, मावा असलेल्या ठिकाणापुरती आणि पानाच्या खालून. पण अळी किंवा कोष दिसत असतील तर हात आवरावा आणि आठ-दहा दिवसांनी तीच पानं पुन्हा बघावीत. ज्या उसाला दोन-तीन पानांत खूण करायची आहे त्याला चिंधी बांधून ठेवावी, नाहीतर पुढच्या वेळी दुसराच ऊस बघून आपण वाद घालत बसतो.

उन्हाळ्यात मावा आपोआप ओसरतो. खायला नाही म्हणून डिफाही विरळ होतो. ओढ्याकाठी, मोठ्या झाडांच्या सावलीत, गारव्याच्या जागी थोडा मावा आणि त्याच्यासोबत थोडा डिफा टिकून राहतो. पुढच्या पावसाळ्यातली डिफाची पिढी तिथूनच निघते. असा एखादा कोपरा आपल्या रानात असेल तर तिथं फवारणी करू नये. तोडीनंतर पाचट पेटवूही नये.

शेवटी एक विनंती. शंका असेल ते पान गटऑफिसला जरूर आणावं, पण प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून आणू नये. पानाला घाम सुटतो, अळी गुदमरते आणि आमच्यापुढं नुसता ओला लगदा येतो. वर्तमानपत्राच्या कागदात सैल गुंडाळून, सकाळच्या वेळी आणावं. कागदावर गट नंबर, लावणीची तारीख आणि आजवर काय काय मारलं ते लिहावं. मारलेलं लपवू नये, आम्ही कोणी रागावणार नाही.

— शेती विभाग